दोघांचीही नको, तिसरी टाका

नाही हो, या दोन्ही सिस्टीममधली एकही ठेवू नका – तिसरी टाका. कुठलीही. असते ना तिसरी? असते, मला माहीत आहे, समोरच्या इमारतीतल्या बाईंच्या सुनेकडे आहे, पांढऱ्या चपट्या मशीनवर, काय सुरेख चित्रं दिसतात त्यात – काय म्हणता? ती त्यांच्याच मशीनवर चालते? आपल्या या डब्यात नाही चालणार? म्हणजे सिस्टीम हवी तर मशीनसुद्धा त्यांचंच घ्यायचं – अगदी त्या सुनेसारखंच झालं, माहेरच्या कपाटाशिवाय तिच्या कपड्यांच्या घड्या बसत नाहीत. बरं, मग चौथी टाका. पाचवी टाका. दादा, जगात एवढी माणसं कॉम्प्युटर वापरतात, त्या सगळ्यांचं काय या दोन्हींवरच भागतं? माझं मागणं फार मोठं नाही. सकाळी बटण दाबलं की मशीन सुरू व्हावं आणि त्याने मला काही विचारू नये. बस्स. हे बघा – आलं, बघा – काळा पडदा, दोन ओळी, आणि खाली उलटे आकडे. रोज सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून मी इथे येऊन बसते, मन कसं निवळलेलं असतं, आणि पहिला प्रश्न काय, तर कोणती? वरची की खालची? वरची थोरल्याची, खालची धाकट्याची. माझी मुलं हो. सिस्टीम बाहेर कोणाच्याही असोत, या घरात एक थोरल्याची आणि एक धाकट्याची. आकडे बघा कसे पळतायत – काही दाबलं नाही तर वरची आपोआप सुरू होते. कोणत्या आईला रोज सकाळी कोणी असं विचारतं का, की एवढे आकडे संपायच्या आत सांग, तुझा मुलगा कुठला?

हो, दोघंही याच धंद्यात, तुम्ही करता तेच. तुम्ही म्हणत असाल, घरात दोन-दोन दुरुस्तीवाले आणि ही बाई शहराच्या दुसऱ्या टोकाहून मला बोलावते. म्हणा, म्हणा. ती बॅग जरा आत घ्या, खिडकीशी नको. खाली रस्त्यावर या बाजूला थोरल्याचं दुकान आणि त्या बाजूला धाकट्याचं, अगदी समोरासमोर. ग्राहक नसला की दोघं बसतात आपापल्या काउंटरवर, तोंडं रस्त्याकडे करून, आणि दीड वर्षात एकाने दुसऱ्याला ‘चहा घेतलास का’ म्हणून विचारलेलं नाही. थोरला विंडोजवाला. त्याचं म्हणणं, आई, जे दहा लोक वापरतात ते आपण वापरावं, अडलं तर शेजारीसुद्धा सांगू शकतो. धाकटा लिनक्सवाला. त्याचं म्हणणं, आई, हे फुकट आहे, मोकळं आहे, कोणी तुझ्यावर डोळा ठेवत नाही, जुन्या मशीनलाही झेपतं. मला दोघांचंही पटतं. हाच माझा रोग. एकाचं ऐकताना वाटतं किती शहाणा आहे हा, आणि दुसऱ्याचं ऐकताना वाटतं, अरे, हाही काही चुकीचं बोलत नाहीये.

वापरते म्हणजे काय – रोज एक पान वाचते. प्रार्थनेचं पुस्तक आहे माझं, त्यातलं एक पान मोठ्याने वाचून इथे ध्वनिमुद्रित करायचं आणि मैत्रिणींना पाठवायचं. आमच्यातल्या काहींना आता घराबाहेर पडवत नाही, एकीला दिसत नाही, त्या वाट बघतात. हे गेल्यापासून धरलेला नेम आहे, एक दिवस चुकवला नाही. मग विजेचं बिल, मग बहिणीशी बोलणं, तिचा चेहरा दिसतो त्यात, अर्धा पडद्याबाहेर असतो पण दिसतो. झालं. यात सिस्टीम हवी कशाला एवढी तालेवार? पण नाही. आधी एकट्या थोरल्याची होती. मग एक दिवस धाकटा आला, म्हणाला, आई, थोडी जागा काढून माझीही ठेवतो, तुला आवडेल ती वापर. आवडेल ती! मी म्हटलं ठेव बापडा. ठेवली, आणि स्वतःची ओळ वर केली. दुसऱ्याच दिवशी थोरल्याने पाहिलं – चेहरा असा झाला त्याचा – बसला, खटाखट काहीतरी केलं, स्वतःची वर आणली. मग धाकट्याने. मग थोरल्याने. दादा, वर-खाली, वर-खाली, मला सकाळी पडद्यावर बघूनच कळायचं काल माझ्या मागे कोण येऊन गेलं ते. म्हणून मग मीच वार लावून दिले. सोम-बुध-शुक्र थोरल्याची, मंगळ-गुरु-शनि धाकट्याची, रविवारी सकाळचं वाचन फोनवरून आणि मशीनला सुट्टी. तुम्हाला वाटेल सुटला प्रश्न. कसला सुटतो! सोमवारी ठेवलेलं मंगळवारी सापडत नाही. मंगळवारी कीबोर्डवर मराठी उमटतं ते बुधवारी भलतंच उमटतं. प्रिंटर बुधवारी चालतो, गुरुवारी मला ओळखच दाखवत नाही. बहिणीचे फोटो एकीकडे आणि त्यांची नावं दुसरीकडे. मी एकाच खुर्चीत बसून रोज घर बदलते हो! आणि वर हे दोघं येऊन तपासतात. थोरला म्हणतो, आई, परवापासून उघडलेली दिसत नाही. धाकटा म्हणतो, आई, माझी वापरतेस ना, की उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगतेस? जेवायला बसलेली लहान मुलं कशी एकमेकांच्या ताटात बघतात, तुला किती वाढलं, मला किती – पंचेचाळिशी आली यांची.

नाही नाही, भांडण सिस्टीमवरून नाही. लोक तसंच समजतात. त्यांच्या बायकाही तसंच समजतात, हसतात बिचाऱ्या. पूर्वी एकच दुकान होतं त्यांचं, पाटीवर दोघांची नावं. एका छापखान्याची मशीनं यांच्याकडे होती सांभाळायला. धाकट्याने सुट्टीत जाऊन सगळ्या मशीनांवर आपली सिस्टीम बसवली – मालकाचा खर्च वाचेल, भावाला एकदम दाखवू, खूश होईल, असं त्याच्या मनात. विचारलं नाही कोणाला. सोमवारी छापखाना उघडला तर लग्नाच्या पत्रिकांमधली अक्षरं सगळी विस्कटलेली, नवरा-नवरीची नावं चौकोन-चौकोन. मालक आला आरडत-ओरडत. थोरल्याने काय करावं? त्याने जाऊन सगळं पुसलं आणि होतं तसं केलं. धाकट्याने कितीतरी दिवस खपून त्या छापखान्यासाठी काहीतरी बनवलं होतं, तेही त्यात गेलं. तेवढंही चाललं असतं, दादा. भावाभावांत एवढं चालतं. पण मालकाला शांत करायला थोरला म्हणाला, ‘तुम्ही मनावर घेऊ नका, तो माझ्या हाताखाली काम करतो.’ धाकटा तिथेच उभा होता, हातात तारेचं वेटोळं घेऊन. हाताखाली. दोघांनी मिळून काढलेलं दुकान, आणि हाताखाली. मला हे दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं येऊन. थोरला सांगताना म्हणाला, ‘बोलून गेलो गं’, आणि धाकटा म्हणाला, ‘त्याच्या मनातलंच आलं तोंडावर.’ आता यात कोणती सिस्टीम चांगली ते तुम्हीच सांगा.

चहा घ्या, निवतोय. साखर आहे हो तुमच्यात, माझ्यात नाही. नाही, मधुमेह वगैरे नाही – म्हणजे, हो, आहे थोडा – नाही, खरं सांगायचं तर नाही. नेम आहे. दोघं एका टेबलाशी बसून जेवेपर्यंत गोड सोडलंय. मुलांना मधुमेहच सांगितलाय, त्यांना कळलं तर माझ्यासाठी म्हणून बसतील, पाच मिनिटं बसतील, तोंडं फुगवून, आणि उठतील. तसलं बसणं मला नको. आणि दुसरा नेम, एकापाशी दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. तक्रार नाही, रदबदली नाही. जे व्हायचं ते त्यांच्यात्यांच्यात झालं पाहिजे. कठीण आहे हो. गोड सोडणं सोपं, पोटच्या पोराचं नाव जिभेवर आलेलं गिळणं – ते कठीण.

काय दिसतंय मागे? कुठली तार? ती होय – ती निघते कधीकधी. धूळ पुसताना निघते. मी रोज पुसते ना, हात लागतो. घट्ट बसणारी आहे? अशी आपोआप निघायची नाही? बरं, मग जोरात पुसत असेन मी. – असं बघू नका माझ्याकडे. दादा, तुम्ही दुरुस्तीवाले आहात की पोलीस? हो, काढते. मी काढते. नाहीतर ते येणार कशाला? धंदा वाढला, आपापले संसार, आईकडे यायला काहीतरी कारण लागतं. नुसतं ‘ये’ म्हटलं तर ‘बघतो’ म्हणतात. ‘मशीन बंद पडलं’ म्हटलं की दुकान सोडून येतात. माझी ही गुडघेदुखी इतकी वर्षं आहे, तिच्यासाठी नाही आलं कोणी इतक्या तातडीने! तार निघाली की थोरला येतो, वाकून टेबलाखाली शिरतो, डोक्यावरचं टक्कल दिसतं मला वरून, त्याच्या बापासारखंच पडत चाललंय. धाकट्याच्या वाराला आवाज बंद करून ठेवते. तो येतो, आवाज सुरू करतो, मग तासभर बसतो, काय काय दाखवतो मला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी ‘अगंबाई’ म्हणते. त्याला ते पुरतं.

पण आता हे सगळं संपलं ना. धाकटा दुकान बंद करतोय. लांबच्या शहरात नोकरी धरलीय, रविवारी निघतोय बायकोला घेऊन. त्याच्या दुकानाची पाटीसुद्धा उतरली, ती बघा भिंतीवर तेवढीच जागा पांढरी राहिलीय – नको, तुम्ही नका जाऊ खिडकीशी. तो गेल्यावर मी कुठली तार काढली तर तो येणार आहे? आणि झालंय काय, परवा मशीनने लिहून दाखवलं की जागा संपली. दोघांनी अर्धी-अर्धी घेतलेली, दोघांचीही भरली. मी आज सकाळी थोरल्याला सांगितलं. तर म्हणाला, उद्या संध्याकाळी येतो आणि ती दुसरी काढून टाकतो, आता तिच्याकडे बघणार कोण आहे? धाकट्याला सांगितलं. म्हणाला, शनिवारी येतो, ती जुनी काढतो, माझी एकटी पक्की बसवून जातो, म्हणजे तुला कोणाच्या मिनतवाऱ्या नकोत. बघा! जाता जाता दोघांनाही करायचंय काय, तर माझ्या घरातून दुसऱ्याला पुसायचंय. आणि मी हो म्हणायचं! उद्या थोरल्याला हो म्हटलं तर धाकटा शनिवारी येऊन बटण दाबेल, आपली ओळ नाही हे बघेल, आणि तेच घेऊन रविवारी गाडीत बसेल. नाही म्हटलं तर थोरला म्हणेल, जाणाऱ्याचं ठेवतेस, राहणाऱ्याचं नको? म्हणून म्हटलं, उद्याच्या आत, आजच, तिसरी. कोणाचीच नाही अशी. दोघांनाही सांगता येईल की तुमची नाही आणि त्याचीही नाही. रागावू देत दोघांनी सारखं.

– पुसावं लागेल म्हणजे? दोन्ही? तिसरी बसवायची तर आधीच्या दोन्ही पूर्ण जातील? आणि तुम्ही हे इतक्या सहज सांगताय, चमचा बशीत ठेवता ठेवता? हो, जागा नाही हे मीच सांगितलं, पण मला वाटलं सरकवता येतील कुठेतरी, माणूस खोली रिकामी करताना सामान गच्चीवर नेतो तशा. फाइल वाचतील, पण त्या सिस्टीम जातील. त्यांनी माझ्यासाठी केलेलं सगळं जाईल – थोरल्याने अक्षरं मोठी करून ठेवलीत, प्रत्येक चित्राखाली मराठीत लिहिलंय, ‘आई, इथे दाब’, ‘आई, हे दाबू नकोस’. धाकट्याने पडद्यावर ह्यांचा तरुणपणचा फोटो लावलाय, माझ्याकडे नव्हता तो, कुठून मिळवला कोण जाणे. आणि हे मी माझ्या हाताने – म्हणजे तुमच्या हाताने – छे! मग तुमचा उपयोग काय हो? सगळे मेले एकाच शाळेत शिकलेले! थोरला म्हणतो पुसू, धाकटा म्हणतो पुसू, आणि इतक्या लांबून माणूस बोलावला तर तोही म्हणतो पुसू. तुमच्यापैकी एकालाही ठेवता येत नाही? – नाही, तुमच्यावर नाही रागावले. बसा. बिस्किट घ्या. तुम्ही तरी काय करणार.

थांबा हं, फोन. थोरल्याचा आहे. – हां, बोल रे. – नाही, जेवणार आहे आता. – कसला आवाज? – नाही, कोणी नाही – अरे, म्हणजे ते – दुरुस्तीवाले आलेत. – मशीनचे. – बाहेरचे. – मी बोलावलं. – हो, उघडलंय. झाकण काढलंय बाजूचं. – अरे, चांगले आहेत, मिशा आहेत – अरे, ऐक तरी – ठेवला. बघा, खोटं बोलायला गेलं की माझी जीभ नेमकी अडखळते. गरजला कसा! ‘आई, बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नकोस, मी येतोय.’ ग्राहक समोर उभा होता त्याच्या, मी ऐकलं, त्याला म्हणाला नंतर या. आता तो येणार, तुम्हाला बोलणार, आजच ती दुसरी काढून टाकणार, उद्याची वाटही बघणार नाही. संपलंच की मग. तुमच्या धंद्याचा यांना फार अभिमान, बाहेरच्याने घरच्या मशीनला हात लावला म्हणजे जणू यांच्याच तोंडात मारली – धाकटाही अगदी तसाच, त्या बाबतीत दोघांत काडीचा फरक नाही. पूर्वी एकदा माझ्या बहिणीने तिचं मशीन कुठल्याशा दुकानात टाकलं होतं, तर दोघं एका सुरात तासभर बोलत होते तिला, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता –

दादा.

तो स्क्रू लावू नका. ठेवा तसाच. झाकणही राहू दे बाजूला. नाही, उलट त्या आतल्या पट्ट्या जरा बाहेर काढून ठेवा, टेबलावर पसरा, दिसलं पाहिजे काहीतरी मोठं चाललंय. मोडणार नाही ना? मग पसरा. मला एक फोन करू द्या. – हां, आईच. काय करतोयस, सामान बांधतोयस? – बरं. नाही, विशेष काही नाही. बाहेरचे एक दुरुस्तीवाले आलेत मशीन बघायला. – हो, माझ्याचसाठी. – उघडलंय की. सगळंच काढून ठेवलंय टेबलावर. – ते म्हणतायत दोन्ही पुसावं लागेल. – दोन्ही रे. – बरं. बरं. – ओरडायचं थांबवतोस का? – ठेवला. काय म्हणाला सांगू? ‘आई, बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नकोस, मी येतोय.’ जसंच्या तसं! शब्दसुद्धा तेच, हात लावू देऊ नकोस. दीड वर्षात या दोघांच्या तोंडून एक वाक्य सारखं निघालेलं नव्हतं. आणि नेम नाही मोडला हं मी. एकापाशी दुसऱ्याचं नाव काढलं? तुम्ही होतात इथे, ऐकलंत. नाही काढलं. दुरुस्तीवाले आलेत एवढंच सांगितलं, आणि ते खरं आहे. देवाला तोंड दाखवता येईल मला.

आता तुम्ही उठा. चहा झाला ना? तुमच्या येण्या-जाण्याचं काय ते मी फोनवर पाठवते, आजच पाठवते, शंका नको. मला माफ करा, तुम्हाला आज दोघं मिळून खूप शिव्या घालणार आहेत. तुमच्या दुकानाला, तुमच्या हातांना, तुम्हाला ज्याने शिकवलं त्याला. घालू देत, तुमचं पुण्य वाढेल. ते तीन स्क्रू राहू देत, ती पट्टीही राहू दे, ती कोणी कुठे बसवायची यावरून त्यांना निदान अर्धा तास बोलायला लागेल, लागेल ना? एकाने धरावी लागते आणि दुसऱ्याने बसवावी लागते, मघाशी काढतानासुद्धा तुम्ही मला एक टोक धरायला लावलंत. मी नाही धरणार, माझे हात दुखतायत आज. तिसरी सिस्टीम? कसली तिसरी? – अहो, तुम्ही बॅग भरा. स्वयंपाकघरातून मागचा जिना आहे, तिथून उतरा. आणि जाता जाता, त्या जेवणाच्या टेबलाभोवती एक खुर्ची कमी आहे, ती तेवढी ओढून ठेवा, मला जड होते. हां, तिथेच.

– गप्प. गप्प बसा हो. पुढच्या जिन्यावर – चपला ऐकू येतायत? एकाच्या आहेत की – थांबा. थोरल्याचा आवाज. ‘तू पाठवलास तो माणूस?’ आणि – ‘मी कशाला पाठवीन? मला आत्ता फोन आला –’ ‘उघडून ठेवलंय म्हणे –’ ‘सगळंच काढून टेबलावर ठेवलंय म्हणे, कोण गाढव –’ जिन्यावर थांबलेत. जोरात बोलतायत. भांडतायत की हो, अगदी लहानपणीसारखे, एकमेकांचं तोडून – अजून तुम्ही इथेच? मला ऐकू द्या ना. जा. जा म्हणते ना –